सोनशेतचा सत्कार

सोनशेतला बायजा रोज उठे ती पहाटेच्या पहिल्या एस.टी.चा आवाज ऐकून. फाट्यावर खालापूरकडे वळताना एस.टी. गिअर बदली, आणि माघातल्या थंडीत तो आवाज वालाच्या शेतांवरून थेट तिच्या पडवीपर्यंत येई. ती अंथरूण गुंडाळी, चुलीतली राख बाजूला सारून खालचा निखारा शोधी, त्यावर काटक्या ठेवून फुंकणीने दोनदा फुंकर घाली. जाळ धरला की मग पाण्याकडे वळे. गेल्या दिवाळीपासून त्या घरात पाण्याचे दोन वाटे झाले होते. चुलीजवळच्या तांब्याच्या हंड्यात वरच्या ठाकरवाडीच्या झऱ्याचे पाणी असे. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. दाराबाहेरच्या पत्र्याच्या पिंपात गावच्या विहिरीचे पाणी असे. ते भांड्यांना आणि सारवणाला. गोठ्यात ते चालत नसे. बैल ते हुंगून मान फिरवीत.

हंडा घेऊन चढण चढायची, झऱ्यावर ठाकरणींचे भरून होईपर्यंत थांबायचे, मग आपले भरून उतरायचे, यात सकाळ निम्मी सरे. परत आल्यावर बायजा आधणात तांदळाचे पीठ घालून उकड काढी, परातीत मळून भाकऱ्या थापी. तोवर तिचा नवरा हिरामण वालाला फेरी मारून आलेला असे.

एके सकाळी बायजा झऱ्यावर गेलेली असताना तिच्या बहिणीच्या मुलीने, आदल्या रात्रीच आलेल्या जयवंताने, मावशीचे काम हलके करावे म्हणून आधण ठेवले आणि उकड काढली. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा बायजा दारात येऊन उभी राहिली होती. तिने डोक्यावरचा हंडा उतरवलाही नाही.

"अगं जये, कुठलं पाणी घेतलंस?"

"बाहेरचं. पिंपातलं."

"कालिजात शिकतेस का झोपतेस गं? बघ तिच्याकडं."

जयवंताने पाहिले. पांढरीशुभ्र व्हायला हवी ती भाकरी कडेने गुलाबी झाली होती. फिकट, लुगडे धुताना उतरलेल्या रंगासारखी. हिरामणने तव्यात डोकावून पाहिले.

"लगनातली भाकरी वाटते," तो म्हणाला. "हळद-कुंकू लावून आली."

बायजा हसली नाही. तिने भाकरी उचलली आणि उकडीसकट उकिरड्यावर नेऊन टाकली. कुत्र्याला घातली नाही, हे जयवंताच्या ध्यानात राहिले.

जयवंता कराळे पोशीरची. घरची भातशेती, घरात बी.ए. झालेली पहिली तीच. त्यानंतर तिने मुंबईला जनसंपर्काच्या एक वर्षाच्या पदविकेला नाव घातले होते. त्या वर्षीची जनसंपर्क परिषद खालापूरजवळ भरणार होती. मेरुदीप डाइज या रंगांच्या कारखान्याने आपले नवे सभागृह त्यासाठी दिले होते. वर्गातली मुले-मुली स्वयंसेवक म्हणून आली होती आणि कारखान्याच्या अतिथिगृहात उतरली होती. जयवंता मात्र मावशीकडे राहिली, कारण कारखान्याची मागची भिंत आणि सोनशेत यांच्यामध्ये फक्त एक ओढा होता. त्या ओढ्याच्या काठावरच गावची विहीर होती.

पावसाळ्यात ओढ्याला पहिल्यांदा रंग आला. दिवाळीपर्यंत विहिरीला आला. कार्तिकापासून सोनशेतची माणसे आळीपाळीने कारखान्याच्या फाटकाशी बसत होती. मागणी एकच होती: कारखान्याचे पाणी ओढ्यात सोडणे थांबवा. फाटकाच्या आतून कोणी बाहेर येऊन त्यांच्याशी अजून बोलले नव्हते.

परिषदेच्या पहिल्या दिवशी मुख्य व्याख्यान कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी वसंत टिपणीस यांचे होते. उंच, सावळे, बोलताना कधीच आवाज न चढवणारे गृहस्थ. जयवंताला ते ऐकताक्षणी आवडले, कारण ते साधे मराठी बोलत होते. इतर वक्त्यांची भाषणे मुंबईहून मखमली कापडात गुंडाळून आणल्यासारखी वाटत होती.

"या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांना मी तीनच गोष्टी सांगतो," ते म्हणाले. "ज्यांच्याशी बोलायचं त्यांची रीत आधी शिका. वाईट बातमी असेल तर ती दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगा. आणि पत्रकाराला सांगत बसू नका, दाखवा. तो कानाने ऐकलेलं विसरतो, डोळ्याने पाहिलेलं लिहितो."

मग त्यांनी समोर पाहिले. "तुमच्यात या भागातलं कोण आहे?"

जयवंताने हात वर केला. शहरातल्या मुलामुलींमध्ये वर्षभर मागच्या बाकावर बसलेली ती, आज पहिल्यांदाच इथली म्हणून उभी राहत होती.

"सांगा बरं. तुमच्या गावांत भांडण मिटतं कसं?"

"नारळाने," ती म्हणाली. सभागृहात हशा झाला. ती थांबली नाही. "चूक ज्याची असेल त्याने चारचौघांत दुसऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. दुसऱ्याने तो घेतला की भांडण संपलं. त्यानंतर तो विषय काढायचा नाही. आमच्या पोशीरला गजा आणि मोरू म्हणून दोघे चुलतभाऊ आहेत. मोरूने बांध कोरला, दोन वर्षं बोलणं बंद. शेवटी गावदेवीसमोर मोरूने नारळ दिला, गजाने घेतला. पुढच्या वर्षी मोरूने पुन्हा बांध कोरला. गजा ओरडायला निघाला तर त्याची बायकोच म्हणाली, नारळाची कोशिंबीर करून खाल्लीत ना? मग आता गप बसा."

या वेळचा हशा वेगळा होता, आपुलकीचा. टिपणीसही हसले.

"आणि नारळ घेतलाच नाही तर?"

"पुढे केलेला नारळ कोणी नाकारत नाही, सर. तो देवाचा अपमान होतो."

"पाहा," टिपणीस सभागृहाकडे वळून म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी तिच्या प्राध्यापिका दमयंती कोरडे तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "छान बोललीस. अशीच बोलत जा." त्या संध्याकाळी ओढ्यावरच्या साकवावरून मावशीकडे परतताना जयवंताच्या पायांना वजन नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुली चर्चा होती. विषय होता संकटकाळातला जनसंपर्क. टिपणिसांनी आदल्या दिवशीची दुसरी गोष्ट उदाहरणांनी पटवून दिली: वाईट बातमी आपण आधी सांगावी, लपवलेली बातमी दुप्पट होऊन बाहेर येते. प्रश्न विचारा, म्हणाले. जयवंताच्या डोळ्यांसमोर गुलाबी भाकरी होती. ती उभी राहिली.

"सर, सोनशेतच्या विहिरीला दिवाळीपासून रंग आहे. त्याबद्दल कारखान्याने सगळ्यांच्या आधी काय सांगितलं?"

पहिल्या रांगेतल्या कोणीतरी मागे वळून पाहिले. कोरडेबाईंनी पेनाला टोपण लावले.

टिपणिसांचा चेहरा जराही बदलला नाही. "उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "या परिषदेतला आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रश्न. त्याचं उत्तर मी उद्या समारोपात शब्दांनी देणार नाही. तुम्हाला ते मंचावर दिसेल."

पुन्हा टाळ्या झाल्या. खाली बसताना जयवंताला कळेना की टाळ्या प्रश्नाला होत्या की उत्तराला, आणि उत्तर नेमके काय मिळाले.

कोरडेबाईंनी तिला व्हरांड्यात गाठले. "प्रश्न बरोबर होता," त्या म्हणाल्या, "वेळ चुकली. आपण त्यांचे पाहुणे आहोत."

"बाई, विहीरही यांची पाहुणी आहे का? तिने वेळ विचारायची कोणाला?"

"उलट बोलू नकोस. मी तुझ्या भल्याचं सांगते आहे. आधी नोकरी मिळव, आत शिर, मग आतून काय बदलायचं ते बदल. बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याला कोणी खुर्ची देत नाही."

हे त्यांनी मनापासून सांगितले होते, हे जयवंताला कळत होते.

चार वाजता टिपणिसांनी स्वयंसेवकांना कामे वाटली. समारोपाची व्यवस्था सभागृहात मांडून झाली होती. मंचावर लांब मेज होते, त्यावर पाच शाली घड्या घालून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक शालीवर शेंडीचा एक नारळ.

"जयवंता, तुझ्याकडे पत्रकारांची गाडी. सकाळच्या गाडीने तिघे कर्जतला उतरतील. सखा मॅटाडोर घेऊन येईल. येताना फाट्यावर सोनशेतची पाच माणसं उभी असतील, त्यांनाही घे. आमच्या संचालकांच्या हस्ते त्यांचा सत्कार आहे. शेजाऱ्यांचा सत्कार."

जयवंता मेजाकडे पाहत राहिली.

"सर, त्यांनी हा नारळ घेतला तर पुन्हा विहिरीचा विषय काढता येणार नाही त्यांना."

"माहीत आहे," टिपणीस म्हणाले. "तूच सांगितलंस. जे आमच्या वकिलांना जमलं नाही ते तू काल पाच मिनिटांत करून दिलंस."

ते थट्टा करीत नव्हते. त्यांनी खुर्ची ओढून तिला बसायला सांगितले आणि समोर बसले.

"हे बघ, मी काही राक्षस नाही. माझं गाव महाडकडे, आमच्याकडेही असाच नारळ चालतो, पण मी तीस वर्षांत विसरून गेलो होतो. पाणी शुद्ध करायचं यंत्र मागवायचं आहे. यंदा पैसे मंजूर होणार नाहीत, पुढच्या वर्षी कदाचित होतील. तोवर फाटकाशी बसलेली माणसं उठायला हवीत. कोणाला मारून नाही, पोलीस आणून नाही, त्यांच्याच रीतीने, मानाने. यात वाईट काय आहे?"

"त्यांना सांगितलंय का, की हा समेटाचा नारळ आहे?"

"सत्काराचा आहे. त्यांनी काय समजायचं ते त्यांनी समजावं." मग त्यांचा आवाज अधिकच मऊ झाला. "जूनपासून माझ्या हाताखाली ये. मला मुंबईची मुलं ढिगाने मिळतात. इथली माणसं कशाने बांधली जातात ते जाणणारं कोणी मिळत नाही. परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नकोस, जागा तुझी."

जयवंताने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "सर, उद्या गाडी किती वाजता?" एवढेच तिने विचारले.

संध्याकाळी ती मावशीकडे पोहोचली तेव्हा अंगणात लगबग होती. हिरामण पडवीत बसून पटका बांधून पाहत होता. शेजारचा मालोजी, गावातला सर्वांत वयस्कर आणि सर्वांत तिखट माणूस, आरशाचा तुकडा खांबाला टेकवून दाढी करीत होता. दुपारी कारखान्याची जीप येऊन गेली होती. उद्या मुंबईची मोठी माणसे येणार आहेत, तुमच्यातल्या पाचांना मंचावर बोलावले आहे, असा निरोप होता. गावाने त्याचा अर्थ एकच घेतला होता: शेवटी कोणीतरी आपले ऐकणार.

"मी आधी विहिरीचं बोलतो," हिरामण म्हणाला, "मग मालूदा बैलांचं बोलंल."

"बैलांचं कशाला? बैल काय मुंबईला जाणार हायेत?" मालोजी गाल ताणून म्हणाला. "भाताचं बोलायचं. रोपं पिवळी पडली त्याचं."

"आन् पाण्याचं कोण बोलंल?" चुलीपाशी बसलेली बायजा म्हणाली. "डोंगर कोण चढतं? तुमी का मी?"

"पाच माणसं बोलावलीत गं," हिरामण म्हणाला. "बाया नाय."

"मग बाया काय गुरं हायेत?"

मालोजीला हसू आले आणि त्याच्या गालावर वस्तरा लागला. त्याने फडक्याने रक्त टिपले. त्या हशातच जयवंताने त्यांना मेजावरच्या शालींचे आणि नारळांचे सांगितले. संचालक ते कोणाच्या हातात देणार तेही सांगितले.

हिरामणने डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"नारळ?" तो म्हणाला. "सगळ्यांदेखत?"

"हो."

"आमी बोलायच्या आधी का नंतर?"

"बोलायला लावणारच नाहीत, काका. नारळ द्यायचा, फोटो काढायचा, जेवण."

"पण मुंबईच्या साहेबाला नारळाचं कसं कळलं? त्याला आमचं कोणी सांगितलं?"

जयवंताला गप्प राहता आले असते. टिपणिसांनी स्वतःच महाडकडचे गाव सांगितले होते. तेवढे पुढे केले तर कोणी अधिक विचारले नसते. ती उंबऱ्यावरून उठून उभी राहिली.

"मी सांगितलं. काल सगळ्यांसमोर. गजा-मोरूची गोष्ट सांगितली. माणसं हसली, मला बरं वाटलं."

बायजाचे हात पिठात थांबले. मालोजीने वस्तरा पुसून मिटला.

"गावानं पोरीला शिकवलं," तो म्हणाला, "आन् पोरीनं गाव नेऊन साहेबाला शिकवलं. फी किती घेतलीस गं?"

"मालूदा, पुरं," हिरामण म्हणाला.

"बोलू दे त्यांना, काका. बरोबर बोलतायत."

मग हिरामण स्वतःशीच बोलल्यासारखा हळूहळू म्हणाला, "पुढं केलेला नारळ परत ढकलायचा म्हंजे गावदेवीच्या तोंडावर मारल्यासारखं. ते माझ्यानं हुणार नाय. घेतला तर फाटकाशी बसायला तोंड नाय. आन् गेलोच नाय तर ते उद्या छापतील, गावाला बोलावलं हुतं, गाव फिरकलं नाय. सगळीकडून बांधलं की रं."

"मी सांगते साहेबाला, आमाला नको तुमचा सत्कार," बायजा म्हणाली.

"तुला बोलावलंय कुठं?" मालोजी म्हणाला, पण आता त्या बोलण्यात धार नव्हती.

जयवंताच्या मनात त्या वेळी टिपणिसांची तिसरी गोष्ट होती. सांगत बसू नका, दाखवा. ती चांगली गोष्ट होती. तिन्ही चांगल्या होत्या. शिकवणाऱ्याने त्या आपल्या सोयीपुरत्याच वापरल्या होत्या, एवढ्याने त्या खोट्या ठरत नव्हत्या. हे तिला इतके स्वच्छ दिसले की तिची भीती बरीचशी ओसरली. उरलेली भीती जूनमधल्या जागेची होती, लेक मुंबईत शिकते म्हणून वडिलांनी पोशीरला शेजारीपाजारी करून ठेवलेल्या बढाईची होती. ती तिने तशीच राहू दिली.

"काका, उद्या ठरल्याप्रमाणे फाट्यावर या," ती म्हणाली. "चांगले कपडे घालून या. मावशी, तूपण ये."

"पाचच म्हणाले ना?" बायजाने विचारले.

"गाडी माझ्याकडे आहे," जयवंता म्हणाली.

सकाळी कर्जत स्टेशनबाहेर मॅटाडोर उभी होती. ड्रायव्हर सखा खोपोलीचा, पंचविशीतला, कारखान्यात दोन वर्षे टिकलेला. तिघे पत्रकार वेळेवर आले. एक वयस्कर, एका मराठी दैनिकाचे, काखेत छत्री असलेले, दुसरा तरुण, इंग्रजी पत्राचा, तिसरा कॅमेरेवाला. वाटेत वयस्कर पत्रकाराने विचारले, "कार्यक्रमात जेवण आहे ना हो?"

"आहे. श्रीखंड-पुरी."

"मग बातमी चांगलीच येणार," तरुण म्हणाला, आणि तिघेही हसले. जयवंताही हसली. वाटभर ती त्यांच्याशी परिषदेबद्दल बोलत राहिली. कारखान्याबद्दल तिने एकही वावगा शब्द उच्चारला नाही, आणि चांगलाही नाही.

फाट्यावर सहा माणसे उभी होती. पाच पटके आणि बाजूला हिरवे लुगडे नेसलेली बायजा. सखाने गाडी थांबवली आणि मोजून पाहिले.

"ताई, एक जादा हाय."

"असू दे. सखा, इंजिन बंद कर."

ती मागे वळली. पत्रकारांशी बोलताना तिने टिपणिसांसारखाच आवाज खाली ठेवला.

"या गावच्या लोकांचा आज सत्कार आहे. तो कशासाठी होतो आहे ते बघायचं असेल तर त्यांची विहीर इथून चालत दहा मिनिटांवर आहे. कार्यक्रम सुरू व्हायला अजून वेळ आहे. कार्यक्रमपत्रिकेत हे नाही, आणि मला कोणी तसं सांगितलेलं नाही, हेही स्पष्ट सांगते. यायचं नसेल तर गाडी तुम्हाला थेट सभागृहात नेईल."

तरुण पत्रकाराने कॅमेरेवाल्याकडे पाहिले. वयस्कर गृहस्थांनी खिडकीतून फाट्यावरच्या माणसांकडे, त्यांच्या परीटघडीच्या कपड्यांकडे पाहिले. त्यांची नजर बायजाच्या डोक्यावरच्या चुंबळीवर थांबली. बायजा ती सवयीने तशीच घेऊन आली होती.

"चहा मिळेल का?" त्यांनी विचारले.

"मिळेल. त्याचं पाणी कुठून येतं तेही बघायला मिळेल."

"मग उतरा," ते इतर दोघांना म्हणाले.

सखा स्टिअरिंग धरून बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, टिपणीससाहेब मला उभा जाळतील."

"तू गाडी घेऊन सरळ त्यांच्याकडे जा. सांग, जयवंता कराळे पत्रकारांना घेऊन फाट्यावर उतरली, विहिरीवर गेली. मी नको म्हटलं तरी गेली, असं सांग. नाव पूर्ण सांग."

"आन् तुमची नोकरी? गाडीवाले सगळे बोलतात, जूनपासून तुमी आमच्या साहेब."

"ती मी अजून घेतलेली नाही, सखा."

मग त्याने गाडी सुरू केली. वळण घेताना त्याने हॉर्न दिला नाही. एरवी तो फाट्यावर नेहमी देई.

बांध अरुंद असल्यामुळे सगळे एकामागे एक चालू लागले. पुढे बायजा, तिच्यामागे पत्रकार, मग गावची माणसे, शेवटी जयवंता. दोन्ही बाजूंना वाल फुलला होता. ओढ्याकडच्या वाफ्यांत तो खुरटा होता, आणि अगदी काठच्या दोन वाफ्यांत काहीच नव्हते. कॅमेरेवाला तिथे न सांगताच थांबला.

हिरामण चाल मंदावून जयवंताच्या बरोबरीला आला. "जये, मग तो साहेबाचा नारळ?"

"राहू दे की मेजावर. आपण पोहोचलोच नाही तर तो पुढे करणार कोणाला? आणि छापणारे तर आपल्याच बरोबर चाललेत."

हिरामणने मान हलवली. चार पावले गेल्यावर तो म्हणाला, "म्हंजे आपण न्हाई म्हटलंच नाय."

"नाही म्हटलं नाही."

पुढे मालोजी तरुण पत्रकाराला सांगत होता, "भाताचं लिवा. बैलांचं मागून लिवा," आणि पत्रकार चालता चालता विचारत होता, "बैलांचं काय झालं?"

विहिरीच्या आधी तिचा वास आला. वयस्कर गृहस्थांनी छत्री काठीसारखी टेकून आत वाकून पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग ते जयवंताकडे वळले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली होती.

"हं, सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच नीट सांगाल."

सगळे तिच्याकडे पाहत होते, हिरामण, मालोजी, बायजादेखील. परवा सभागृहात सगळे असेच तिच्याकडे पाहत होते. काय बोलायचे ते तिला ठाऊक होते; वाक्ये जुळून तयारही होती, एकापेक्षा एक नेटकी.

"मी पोशीरची," ती म्हणाली. "पाणी मावशी भरते. तिला विचारा."

बायजा गोंधळली. तिने पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाहिले, मालोजीकडे पाहिले. कोणी मदतीला आले नाही. मग तिने काठावरचा पोहरा उचलला, दोर मोकळा केला आणि पोहरा विहिरीत सोडताना बोलायला सुरुवात केली, "पयल्यांदा दिवाळीत दिसलं. मी पोरांच्या अंघोळीला पाणी काढाया आले हुते..."

कॅमेरेवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. जयवंता चार पावले मागे सरली, आणि फोटोत आपली सावलीही येऊ नये म्हणून आणखी दोन.